दहावीतली पंडित

गणपती पोचवून आठवडा झालेला असतो. पंचगंगेचं पाणी पात्रात परतलेलं असतं आणि घाटाच्या पायऱ्यांवर मागं राहिलेला गाळ उन्हानं तडकू लागतो. पाऊस संपला म्हणावं तर दुपारी एखादी सर येऊन अंगण भिजवून जाते. संपला नाही म्हणावं तर सकाळचं ऊन मानेला चटके देतं. कुरुंदवाडला माझ्या शाळेच्या मागच्या शिवारात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, बांधावर तेरडा फुललेला असतो, आणि शिक्षकांच्या खोलीत हिंदीच्या परीक्षांच्या कागदांचे गठ्ठे येऊन पडतात. सप्टेंबर आला हे मला कॅलेंडरनं सांगावं लागत नाही.

दर वर्षी मी मनाशी ठरवते, यंदा या परीक्षांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. दर वर्षी ते माझ्याच टेबलावर येतं, कारण शाळेत हिंदी शिकवणारी मी एकटीच आहे.

यंदा एका मुलीनं विचारलं. दहावीतली, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. म्हणाली, "मॅडम, पंडित झालं की कॉलेजात हिंदी सुटतं म्हणं. खरं हाय काय?"

मी खरं आहे म्हणून सांगितलं आणि फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

या परीक्षा शाळेच्या नव्हेत. बाहेरची एक संस्था त्या वर्षातून दोनदा घेते. पहिली, दुसरी, प्रबोध, प्रवीण अशा पायऱ्या चढत जायचं. बहुतेक मुलं प्रबोधपाशी दमतात, कारण तोवर दहावीचा अभ्यास मानगुटीवर बसलेला असतो. सगळ्यात वर पंडित. तिथले धडे, कविता, भाषेचा इतिहास, सगळं बी.ए.च्या वर्गाला असावं तसं. कॉलेजातली पोरंसुद्धा तिला बिचकतात. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, दहावीत असताना पंडितला बसली होती. मी तेव्हा सहावीत होते.

कोल्हापुरात आमची वसाहत नदीच्या अंगाला, सखल भागात. मधोमध विहार, त्याच्या भोवती घरं. आबा फाउंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूत साचे घालायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. कितीही अंघोळ केली तरी त्यांच्या कानाच्या पाळीमागं ती वाळू राहायचीच. आई एका खाणावळीत भाकऱ्या थापायला जायची. घरात पुस्तकं म्हणजे आमची शाळेची, आणि विहारातून वाचायला आणलेली दोनचार.

या घरात हिंदी आलं ते मुजावर सरांमुळं. सर आमच्या शाळेत हिंदी शिकवायचे. उंच, जरासे वाकलेले, पावसाळ्यात पँटची टोकं मोज्यात खोचून सायकल मारणारे. वर्गाबाहेर त्यांची भाषा आमच्यासारखीच, रांगडी. वर्गात पाऊल टाकलं की मात्र तोंडातून असं हिंदी यायचं की आम्ही सावरून बसायचो. रविवारी सकाळी ते शाळेच्याच एका खोलीत या परीक्षांचा वर्ग घ्यायचे. फी घेत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, रविवारी मी घरी बसलो तर आमच्या घरातल्यांना त्रास होतो.

आक्का पाचवीत त्या वर्गाला जाऊन बसली आणि पुन्हा उठलीच नाही. विचार करताना वेणीचं टोक दातांत धरायची तिची खोड होती. नळावर भांडी घासताना ती स्वतःशी हिंदीत बोलायची. नळावरच्या बायका म्हणायच्या, आली बघा दूरदर्शनवाली. तिला त्याचं काही वाटत नसे. तिनं आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंची हिंदीप्रमाणं बाई-बुवांत वाटणी केली होती. आपलं दही नपुंसक, हिंदीतलं पुल्लिंगी. आपला चहा बुवा, त्यांची चाय बाई. आबा फाउंड्रीत बिहारकडच्या कामगारांशी आपलं एक हिंदी बोलायचे, "वो साचा उदर ठेवो" अशा थाटाचं. आक्का त्यांना घरी धारेवर धरायची. आबा नेहमी 'मेरा आवाज' म्हणायचे, आणि ती कमरेवर हात ठेवून सांगायची की आबा, हिंदीत आवाज ही बाई आहे, तिला मेरी म्हणायचं. आबा म्हणायचे, माझा आवाज बाईचा कसा असंल? आणि दोघं हसत सुटायची. आई चुलीपाशी बसून नुसतं ऐकायची. तिला ना मराठी वाचता येत होतं ना हिंदी.

नववीत आक्का प्रवीण झाली. सरांनी घरी येऊन सांगितलं की आता पोरगीला पंडितला बसवू. वसाहतीत ही बातमी फिरली तेव्हा म्हातारी माणसं हसली. पंडित म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं जे उभं राहायचं ते आमच्या दारात कधी आलेलं नव्हतं, आणि आलं असतं तर सावली सांभाळून आलं असतं. आबांचे एक चुलते म्हणाले, मग पोरगीला आता शेंडी ठेवायची काय? आबाही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फाउंड्रीत भट्टीवाल्यापासून फाटकावरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं की माझी लेक पंडित व्हायला लागल्या.

जून महिन्यात सर आक्काला एका कॉलेजात घेऊन गेले. तिथं हिंदी शिकवणाऱ्या शिंदे मॅडम सरांच्या ओळखीच्या होत्या. मॅडमनी तिच्याकडून एक उतारा वाचून घेतला, काही प्रश्न विचारले, मग सरांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. घरी येऊन आक्कानं जे सांगितलं ते आम्हाला एका दमात कळलं नाही. दहावी व्हायची होती, मग अकरावी, बारावी, आणि त्यानंतर कुठं खरं कॉलेज. पण ती आता पंडित झाली, तर त्या खऱ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं हिंदी तिचं झालं असं धरणार होते. विद्यापीठाची परवानगी लागणार होती, ती मॅडम आणणार होत्या. आणि तोवर, शाळा शनिवारी सकाळची असते तर दुपारी येऊन बी.ए.च्या वर्गात बसत जा, असंही त्या म्हणाल्या होत्या.

आईनं एवढंच विचारलं, "म्हंजे व्हायच्या आधीच झालं?"

"व्हय," आक्का म्हणाली, "आधीच."

तो पावसाळा माझ्या आठवणीत शनिवारांचाच आहे. बाकीच्या वारांचं काय झालं कोण जाणे. शाळा सुटली की आक्का घरी न येता तशीच जायची, निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, लाल रिबिनी. छत्री आमच्या दोघींत एकच, ती माझ्याकडं असायची, म्हणून ती प्लास्टिकची खोळ डोक्यावर घ्यायची. एकदा हट्ट करून मी तिच्यामागं गेले. दगडी इमारत, ओले लांब व्हरांडे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकली. वर्गात सलवार-कमीजमधल्या मोठ्या मुली, मिशा फुटलेले मुलगे. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर. पुढचा एक मुलगा मागं वळून म्हणाला, पावणं, बालवाडी खालच्या मजल्याला हाय की. सगळे हसले. आक्काही हसली.

मग मॅडम आल्या. एक कविता चालू होती. मॅडमनी एका ओळीचा अर्थ विचारला तेव्हा वर्ग पुस्तकात डोकं घालून बसला. मला दिसलं की आक्कानं वेणीचं टोक तोंडात धरलंय. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. ती उठली आणि बोलायला लागली. ती काय बोलत होती हे मला समजत नव्हतं. एवढंच समजत होतं की खोली शांत झालीय, आणि पुढचा तो मुलगा आता मागं वळून पाहतोय तो हसण्यासाठी नाही. येताना तिनं मला दोन मुठी भाजलेल्या शेंगा घेऊन दिल्या आणि सांगितलं की पोरं हसल्याचं घरात सांगू नकोस, उरलेलं सांग.

मी पुढं त्याच कॉलेजात शिकले. माझं रीतसर सगळं वेळेवर झालं, पहिलं वर्ष पहिल्या वर्षी. कधी कधी वाटतं, आक्काला कुणीतरी आतून सांगितलं असेल का, की पुढचं जेवढं घेता येईल तेवढं आत्ताच घेऊन ठेव. पण हे माझं मागाहूनचं शहाणपण. तिला घाई नव्हती. तिला फक्त हिंदी आवडायचं.

त्या श्रावणात नदी चढली. आमच्या खालच्या गल्लीत पाणी शिरलं, घरं विहारात जाऊन राहिली, आणि पाणी उतरल्यावर नळाला कितीतरी दिवस चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. वसाहतीत काविळीची साथ आली. सप्टेंबर लागला तशी आक्काची जेवणावरची वासना गेली. एका सकाळी आईनं तिची हनुवटी धरून उजेडाकडं तोंड फिरवलं आणि हात सोडला. डोळे पिवळे झाले होते.

आबा तिला पन्हाळ्याकडच्या एका गावी औषधाला घेऊन गेले. डॉक्टरांनाही दाखवलं. तेल-तिखट बंद, उसाचा रस, लाह्या, पडून राहायचं. ती पडून राहायची आणि पुस्तक छातीवर उभं धरायची. दुपारी विहारात सावली आणि शांतता असायची, तिथं चटई टाकून मी तिच्या शेजारी बसायचे आणि ती सांगेल ते पान उलटायचे. हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा कमी झाला. भात खायला लागली. आम्हाला वाटलं, गेलं दुखणं.

परीक्षा आली. आई नको म्हणाली. फेब्रुवारीत पुन्हा असते ना परीक्षा, तवा दे. आक्का म्हणाली की फेब्रुवारीत दहावीची गडबड असंल, आई, आणि मला आता सगळं पाठ हाय. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी नाडी बघून सांगितलं, बसून लिहायचंच आहे ना, जाऊ दे. आबांनी रिक्षा ठरवली. फाउंड्रीतून रजा घेतली. दोन दिवस ते तिला घेऊन गेले, आणि पेपर होईपर्यंत परीक्षेच्या खोलीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले, मांडीवर उसाच्या रसाचा थर्मास घेऊन.

शेवटी तोंडी परीक्षा होती. ती एकेकाला बोलावून घ्यायचे. आक्काला उभं राहिल्यावर चक्कर यायची म्हणून आबांना दारापर्यंत येऊ दिलं होतं. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर गृहस्थ. त्यांनी बरंच विचारलं, ती बरंच बोलली. मग त्यांनी काहीतरी शेवटचं विचारलं, आणि आक्का उत्तर देता देता दाराकडं बघून हसली. परीक्षकही हसले, आबांकडं पाहून त्यांनी मान डोलावली. आबांच्या फाउंड्रीतल्या हिंदीला त्या सगळ्यातला 'पिताजी' एवढा एकच शब्द कळला.

रिक्षात त्यांनी विचारलं, काय बोलत हुतीस माझ्याबद्दल? तिनं सांगितलं नाही. म्हणाली, निकाल लागला की सांगते.

चारपाच दिवस बरे गेले. मग उलट्या सुरू झाल्या. मग ती काहीच्या बाही बोलू लागली, मला आईच्या नावानं हाक मारू लागली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं केलं. त्यांनी आबांना समजावून सांगितलं की दुखणं आतल्या आत वाढत होतं, परीक्षेनं काही झालेलं नाही, घरी झोपून राहिली असती तरी हेच झालं असतं. आबांनी ऐकून घेतलं.

दसरा दोन दिवसांवर होता. आमच्या वसाहतीत तो धम्मचक्राचा दिवस, सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. घराघरांत ते धुऊन, नीळ देऊन वाळत घातलेले होते. दोऱ्यांवरून काढून लोकांनी तेच घातले आणि आक्काला पोचवायला आले. अजूनही कुठं पांढऱ्या कपड्यांची रांग वाळत पडलेली दिसली की मी रस्ता बदलते.

निकाल थंडीत लागला. सर सायकल धरून आमच्या दारात उभे होते आणि आत येत नव्हते. आबा बाहेर गेले. सरांनी सांगितलं की ती पास झालीय, पहिल्या वर्गात. मग दोघं सायकलच्या दोन बाजूंना उभे राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी शेंगदाणे कुटत होतं, त्याचा आवाज येत होता.

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम उन्हाळ्याच्या तोंडावर झाला. एका शाळेचा हॉल, पताका, पाहुणे. आबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, मला बरोबर नेलं. पंडितची नावं शेवटी. "कुमारी सुजाता कांबळे" म्हणून पुकारलं आणि आबा उठून व्यासपीठावर गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना काही ठाऊक नव्हतं. ते कौतुकानं म्हणाले, दहावीतच पंडित, वा, कुठं आहे मुलगी?

आबा म्हणाले, "आली न्हाय ती."

आणि खाली उतरले.

खूप वर्षांनी मी कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले तेव्हा हिंदीच्या पहिल्याच तासाला शिंदे मॅडम आल्या. केस पांढरे झाले होते. हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबल्या. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, सुजाता तुझी कोण? मी सांगितलं. त्या टेबलावरचा खडू उगाच सरळ करत राहिल्या. म्हणाल्या, "परवानगी आली होती बघ तिची. त्याच दिवाळीनंतर आली." मग पुढच्या तासाची मुलं आत यायला लागली.

पण मला सांगायचंय ते आबांचं.

आक्का गेल्यावर आईनं तिची हिंदीची सगळी पुस्तकं एका जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकली. घरात हिंदी बंद झालं. रेडिओवर हिंदी गाणं लागलं की आई उठून त्याचा कान पिरगाळून तो बंद करायची. शेजारच्या घरातून बातम्या ऐकू आल्या तर दार लावून घ्यायची. मी शाळेतला हिंदीचा अभ्यास विहारात बसून करायचे. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी आबा माळ्यावर चढले आणि ते गाठोडं सोडून सगळ्यात खालच्या वर्गाचं, पहिल्या परीक्षेचं पुस्तक काढलं. पिशवीत घातलं आणि गेले. दुपारी कळलं की ते मुजावर सरांच्या वर्गाला जाऊन बसले. पाचवीच्या पोरांत. गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून तिरके. सरांनी जागा करून दिली.

आई त्या दिवशी जेवली नाही. आबांशी बोलणं तिनं जवळजवळ टाकलंच. मला म्हणाली, "एकीला न्हेलं त्या भाषेनं, आता ह्यो माणूस चाललाय तिच्या मागं." आबा पाळीवरून आले की अंघोळ करायचे, सोप्यात भिंतीला टेकून बसायचे आणि अक्षराखाली बोट ठेवून वाचायचे, तोंडातल्या तोंडात, आईला ऐकू जाऊ नये असं. पहिली झाली. दुसरी झाली. प्रत्येक वेळी परीक्षेला मुलं त्यांना काका, तुमचा नंबर इकडं म्हणून हात धरून न्यायची. प्रबोधला ते एकदा नापास झाले. सगळा घोळ 'ने'चा. मैंने कुठं लावायचं आणि मैं कुठं ठेवायचं हे त्यांना काही केल्या उमगेना.

त्या खेपेला परीक्षा देऊन आम्ही दोघं रंकाळ्याच्या कडेनं चालत येत होतो. मी तेव्हा नववीत असेन. मी विचारलं की आबा, हे कशासाठी? आईला किती लागतं बघताय ना. ते तळ्याकडं बघत चालत होते.

"ती माझ्याबद्दल बोलली," ते म्हणाले. "मी दारातच हुतो. आणि मला कळलं न्हाय."

एवढंच. मी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या परीक्षकांना शोधून विचारता आलं असतं, असं मला पुढं सुचलं. आबांना ते सुचलंच नसेल असं नाही. पण त्यांना दुसऱ्या कुणाकडून ते ऐकायचं नव्हतं, असं मला वाटतं.

एका संध्याकाळी, पाऊस लागून राहिला होता, आबा सोप्यात प्रबोधचंच पुस्तक घेऊन बसले होते. पत्र्यावरच्या पावसानं स्वतःचं वाचणं स्वतःला ऐकू येईना म्हणून त्यांचा सूर जरा चढला. धड्यात कुणीतरी कुणाला तरी दुरून हाक मारतं असं काहीतरी होतं. आबा वाचत होते, "मेरा आवाज सुनकर वह रुक गया." पुढं जाता जाता अडखळले, परत मागं आले, परत तसंच वाचलं. मेरा आवाज.

आतून, चुलीपासून, आईचा आवाज आला.

"मेरा न्हाय. मेरी. हिंदीत आवाज बाईमाणूस असतं."

पाऊस पडत होता. आबांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, मला आत आणि बाहेर दोन्ही दिसत होतं. आई भाकरी थापत होती, परातीवरचे हात थांबले नव्हते, आणि तिचे डोळे भरून वाहत होते. जरा वेळानं ती पुन्हा म्हणाली, हळू, "ती असंच म्हणायची की वो. किती येळा सांगायची तुमास्नी."

आबांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, छापलं होतं तसं. मेरी आवाज सुनकर. आईनं आतून हुंकार दिला. त्यानंतर ते मोठ्यानं वाचू लागले. आईला हिंदी येत नव्हतं, पण आक्कानं इतकी वर्षं नळावर, चुलीपाशी, अंथरुणात जे घोकलं होतं ते आईच्या कानांत जसंच्या तसं राहिलेलं होतं. आबांचं चुकलं की तिला अर्थ न कळताही चूक कळायची. सूर वेगळा लागायचा तिला. पुढच्या खेपेला आबा प्रबोध झाले.

आज आबा निवृत्त आहेत. वाळूनं छाती भरलीय, चार पावलं चाललं की धाप लागते. तरी रविवारी सकाळी विहारात वसाहतीतली मुलं घेऊन बसतात. मुलं त्यांच्या हिंदीच्या नकला करतात, ते त्यांना चालतं.

प्रबोधनंतर त्यांना प्रवीण व्हायला आणखी बरीच वर्षं गेली होती. मी तेव्हा कॉलेज संपवत आले होते. निकाल घेऊन मुजावर सर स्वतः आले, या खेपेला थेट सोप्यात. सरांची तोवर निवृत्ती झाली होती, सायकल सुटली होती. त्यांनी पिशवीतून पंडितच्या परीक्षेचा अर्ज काढून आबांपुढं ठेवला. म्हणाले, कांबळे, आता एकच पायरी राहिली. मी आहे तोवर करून टाका. फाउंड्रीतला माणूस पंडित झालेला मला बघायचाय.

आबांनी अर्जावर हात ठेवला, पण उचलला नाही.

"इथवरच सर," ते म्हणाले.

सरांना वाटलं की त्यांना अवघड वाटतंय. ते समजावू लागले, की मी शिकवीन, पेपर पाच वर्षांत दिले तरी चालतात, वयाची अट नाही. आबा मान हलवत राहिले. मग म्हणाले की सर, अवघड हाय म्हणून न्हवं. ती जिथं पोचली तिथं मी जाऊन बसायचं, हे बरं न्हाय दिसत. एक पायरी ती वर असू दे.

सरांनी चष्मा काढून पुसला, पण पुन्हा लावला नाही, हातातच धरून बसले. बाहेर सप्टेंबरचं ऊन होतं, धुवून काढल्यासारखं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं सगळं आतून ऐकलेलं असणार. कपबश्या खाली ठेवताना तिनं तो कागद हलकेच उचलला, चहा सांडू नये म्हणून, आणि सरांच्या हातात परत दिला.

"ती सुजाताची परीक्षा हाय, सर," आई म्हणाली.

त्या दसऱ्यानंतर आईच्या तोंडून आक्काचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. आबांनीही ऐकलं. ते आईकडं बघतच राहिले. आई पदराला हात पुसत तिथंच उभी होती, आत जायचं विसरल्यासारखी, आणि मग ती पुन्हा म्हणाली, आता कुणालाच नाही, नुसतंच,

"सुजाताची."